हीटरच्या रेषेतला खड्डा

आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याचं सगळं धाडस ताईने एकटीने घेतलं आणि काळजी तेवढी माझ्यासाठी ठेवली. ती मी मन लावून करते. गॅस बंद केला की नाही ते बघायला निम्म्या रस्त्यातून परत येते. विमान हललं की शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरते. फोन दोनदा वाजून थांबला, तर तेवढ्यात माझ्या डोक्यात कोणाचा तरी अपघात होऊन रडारडही सुरू झालेली असते. मी वेधशाळेत नोकरीला लागले तेव्हा ताईने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, "ही माझी धाकटी बहीण, भित्री भागूबाई. गणितात हुशार आहे. बाकी ओरडली तर लक्ष देऊ नका."

तेव्हापासून लक्ष देत नाहीत, आणि त्यांचंही काही चुकत नाही. एकदा किटलीच्या वाफेला धूर समजून मी अख्खी इमारत रिकामी करवली होती. बाहेर थंडीत कुडकुडत उभी असलेली ती शहाणी माणसं माझ्याकडे कशी बघत होती, ते मला अजून आठवतं.

ताई दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधते. लोकांना वाटतं, दुर्बिणीला डोळा लावला की ग्रह दिसतो. आमचे ग्रह कधीच दिसत नाहीत. ताऱ्याच्या झगमगाटापुढे त्यांची काय कथा! पण ग्रह ताऱ्याला जरासा ओढतो, आणि त्या ओढीने तारा जागच्या जागी डुलतो. तारा आपल्याकडे येताना त्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषा किंचित निळ्याकडे सरकतात, लांब जाताना तांबड्याकडे. ते सरकणं मोजायचं. चोर दिसत नाही, पण पडदा हलतो; पडदा किती हलला त्यावरून चोराचं वजन सांगायचं, असा हा धंदा आहे.

यात गोम अशी, की मोजणारं उपकरण स्वतःच जरा तापलं किंवा निवलं तरी रेषा सरकतात आणि नसलेला ग्रह दिसायला लागतो. म्हणून ताईने ते तळघरात, खोलीच्या आतल्या खोलीत ठेवलंय. आत काळोख, ना खिडकी ना कॅमेरा. भिंतींमध्ये हीटर आहेत. आत गारवा वाढला की ते जास्त तापतात, ऊब वाढली की कमी, आणि खोलीचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागानेही हलू देत नाहीत. प्रकाश टिपणारा तुकडा मात्र अतिशय थंड लागतो, म्हणून शेजारी द्रव नायट्रोजनची टाकी. निरीक्षणाची मोहीम सुरू झाली की मोठ्या दाराला सील लागतं; पंपामागे नळ्या तपासायला ठेवलेली एक चिंचोळी झडप तेवढी उरते. ते उघडलं तर बाहेरची हवा आत घुसते आणि सगळं पुन्हा ठिकाणावर यायला दोन आठवडे जातात. दारावर ताईच्या अक्षरात पाटी आहे: दोन वेगवेगळे पुरावे असल्याशिवाय दार उघडायचं नाही. खाली तिने मुद्दाम लिहिलंय, 'माझ्यासाठीसुद्धा नाही.'

आणि माझं काम झाडलोटीचं. रेषांच्या आकड्यांत हीटरचा, पंपाचा, हवेच्या दाबाचा कचरा मिसळलेला असतो. तो ओळखून वगळणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. आम्ही त्याला झाडू म्हणतो. झाडू फिरला की पडद्यावर 'साफ' असा शब्द उमटतो. मग उरतो तो ग्रह, किंवा काहीच उरत नाही.

त्या आठवड्यात ताईचा ग्रह ताऱ्याजवळून जात होता. त्याची वाट लांबुळकी आहे. जवळजवळ दोन वर्षं तो लांब कुठेतरी रेंगाळतो आणि मग एकदाच ताऱ्याला लगटून झपाट्याने निघून जातो. तारा जोरात हलतो तो तेव्हाच. ताईने हे दोनदा टिपलं होतं. तिसऱ्यांदा टिपलं की ग्रह पक्का. पुढच्या खेपेला ती निवृत्त झालेली असणार, उपकरण दुसऱ्याच्या हातात आणि ग्रहावर नावही दुसऱ्याचंच. त्यात तिचा निबंध तपासणाऱ्या कोणीतरी एक खवचट शंका काढली होती: हा ताऱ्याचा झोका कशावरून? तुमची नायट्रोजनची टाकी गळत असेल, उपकरण निवत असेल, रेषा त्याने सरकत असतील. ताई जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत हसली होती. "टाकी गळतेय म्हणे. डोकं गळतंय त्याचं."

त्या दिवशी दुपारी मी झाडू फिरवून बसले होते. पडद्यावर साफ. तेवढ्यात भाचीचा फोन आला.

"मावशी, आई फोन उचलत नाहीये. जेवायच्या आधी फोन करते म्हणाली होती."

"अगं, कामात असेल," मी म्हटलं, आणि माझ्या डोक्यात अपघात सुरू झाला. तो नेहमीच होतो, म्हणून मी त्याला फारशी किंमत दिली नाही.

ताईच्या खोलीत गेले. खुर्ची रिकामी, चष्म्याचं घर उघडं, फोन खणात. त्यावर लेकीचे न उचललेले फोन ओळीने दिसत होते. खणाच्या कडेला निबंध तपासणाऱ्याचं ते शंकेचं पान होतं, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. हसण्यावारी नेलेलं पान कोणी इतक्या वेळा उलगडत नाही. मी ते होतं तसं ठेवलं आणि तळघराकडे निघाले.

कुलूपकाका पंपाच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसले होते. तळघराची सगळी यंत्रं आणि किल्ल्या त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. इंजिनिअर आहेत, दोन पदव्या आहेत, पण किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"काका, ताई कुठंय?"

"मॅडम ना? गावात गेल्या असतील. गाडी दिसत नाही त्यांची सकाळपासून."

मला एकदम हलकं वाटलं. मी परत वर आले, पाणी प्यायले, आणि केवळ मनाचं समाधान म्हणून भाचीला फोन केला. "आई गावात गेलीय गं. गाडी घेऊन गेलीय."

"मावशी, गाडी गॅरेजमध्ये आहे. मीच सोडून आले काल. आई सकाळी बसने आली."

मी फोन ठेवला. मग मला सुचलं ते फक्त माझ्या कामातल्या माणसाला सुचेल असं. झाडूने जे काढून टाकलं होतं, ते मी उघडून बघितलं.

हीटरची रेषा एरवी ताणलेल्या दोरीसारखी सरळ असते. आज त्या रेषेत एक खड्डा होता. हीटर अचानक कमी तापायला लागले होते, आणि कमी तरी किती, तर एका माणसाच्या अंगाची ऊब असते तेवढे. खड्ड्याचा तळ सपाट होता. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याच्या उजेडात पडतो तसाच. असे खड्डे शोधण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे, तो आकार मी झोपेतही ओळखीन. आत कोणीतरी शिरलं होतं आणि पंधरा-वीस मिनिटं हिंडत होतं. तेवढी ऊब हीटरने आपणहून कमी केली, तापमान जागचं हललं नाही, आणि झाडूने तो फरक कचरा म्हणून उचलला. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने माझ्या बहिणीला केरात टाकलं होतं आणि वर मला सांगितलं होतं, साफ.

पण रेषा तिथे थांबत नव्हती. खड्ड्यातून ती वर चढली, नेहमीच्या जागी आली, आणि आणखी वर चालली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती वर चालली होती. आत थंड काहीतरी सुटलं होतं.

नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. खोकला येत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस श्वास घेत राहतो आणि त्या श्वासात प्राणवायू नसतो, एवढंच. दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो आणि आपण का बसलो हेही त्याला कळत नाही. प्राणवायू कमी झाला की ओरडणारा डबा त्या खोलीत होता, पण मोहिमेआधी तो तपासणीला पाठवला होता. दार बंद असताना आत कोणी नसतंच, मग तो ओरडणार कोणासाठी, असं ताईच म्हणाली होती.

मी जिना कशी उतरले ते मला सांगता येणार नाही.

"काका, दार उघडा. ताई आत आहे."

काका उठून दारापाशी गेले, सीलवर बोट फिरवलं. "सील शाबूत आहे, धाकट्या मॅडम. आत कोणी नाही."

"पंपामागच्या झडपेतून गेली असेल."

"तिथून मांजर जाईल. मॅडमचे गुडघे बघितलेत ना तुम्ही?"

मी त्यांना फोनवर रेषा दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती बराच वेळ बघितली. मला त्यांच्या हातातून फोन हिसकावून घ्यावासा वाटत होता.

"टाकी आपोआप भरते तेव्हा हीटर वर जातो," ते म्हणाले. "आणि खाली आलाय तो सेन्सर बिघडला असेल. मागच्या महिन्यात बिघडला होता, तुम्हीच सांगितलं होतं."

हे खरं होतं. मीच सांगितलं होतं. माझ्याकडचा पुरावा एकच होता आणि तो बिघडणाऱ्या सेन्सरकडून आलेला होता. ताई कॅन्टीनमध्ये असू शकत होती, घुमटावर असू शकत होती, पायी फिरायला गेली असेल असंही होऊ शकत होतं. काकांनी माझ्यासमोर कॅन्टीनला फोन लावला, घुमटावर लावला. कोणी बघितलं नव्हतं, पण म्हणून ती आत आहे हे कुठे सिद्ध होत होतं?

"मी झडपेतून डोकं घालून बघतो," काका म्हणाले.

"नको." मी त्यांचा दंड धरला. "आत नायट्रोजन असला तर तुम्ही तिथंच आडवे व्हाल."

मग आम्ही दोघं त्या दाराकडे बघत उभे राहिलो. बघायचं तर दार सताड उघडून, मोठे पंखे लावून, आतली हवा उपसून काढायलाच हवी होती. काकांच्या पट्ट्याला असतं ते प्राणवायू मोजायचं यंत्र झडपेतून आत धरलं, तरी ते हवेचं सांगेल, माणसाचं नाही; त्याहून स्वस्तातला मार्गच नव्हता. मी दारावर मुठी आपटल्या, हाका मारल्या. जाड दार, त्याच्या आत आणखी एक दार. पलीकडून काही आलं नाही, आणि ती आत नसती तरी काही आलं नसतंच.

सगळं एकदम डोक्यात येत होतं. ताई आत नसली तर? संध्याकाळी ती हसत येईल, दार उघडं बघेल, आणि तिच्या आयुष्यातला शेवटचा ग्रह तिच्या भित्र्या बहिणीने पंख्याने उडवून लावलेला असेल. ती मला कधी माफ करणार नाही. ती आत असली तर मी इथे पाटी वाचत उभी आहे, आणि रेषा वर चालली आहे.

एक सांगते, मला कळलं वगैरे काही नव्हतं. हृदय सांगत होतं, बहिणीची माया, असलं काही झालं नाही. मी फक्त घाबरले होते, किटलीच्या वेळी घाबरले होते तेवढीच, तशीच. या भीतीत आणि त्या भीतीत मला काडीचाही फरक कळत नव्हता. मी सील ओढून फाडलं.

"मॅडम काय म्हणतील," काका पुटपुटले. पण सील फाटल्यावर त्यांच्यातलं काहीतरी सुटलं. किल्ली त्यांनीच लावली, पंखे त्यांनीच ढकलत आणले, आणि मी आत घुसायला निघाले तेव्हा मला मागे खेचून भिंतीशी दाबून धरलं. "थांबा. हवा जाऊ दे. तुम्ही पडलात तर मी कोणाकोणाला ओढू?"

आतलं दार उघडलं तसा पायांवर गारठा आला. फरशीवर पांढुरकं धुकं होतं, ते पंख्याच्या वाऱ्याने फाटत फाटत बाहेर येत होतं. काकांनी पट्ट्याचं ते यंत्र पुढे धरलं. ते किंचाळत होतं. ते गप्प होईपर्यंत मी भिंतीला चिकटून उभी राहिले. त्या उभं राहण्याएवढं वाईट मला आयुष्यात काही करावं लागलेलं नाही.

ताई उपकरणाच्या चौथऱ्यावर पालथी पडली होती. एक हात टाकीच्या नळाकडे, मुठीत पाना. गुडघे खरचटलेले, झडपेतून सरपटताना. थंड वायू खाली साचतो; ती फरशीवर पडली असती तर आम्ही तिला बाहेर आणून उपयोग नव्हता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. तिचे ओठ निळे होते. काकांनी काखेत धरलं, मी पाय धरले. बाहेरच्या खोलीत आणून तोंडावर प्राणवायूची नळी धरली, आणि मी तिला हाका मारत राहिले. बऱ्याच वेळाने तिने एक मोठा श्वास घेतला. नळावर पाणी येण्याआधी हवा खरखरते तसा आवाज झाला. मग आणखी एक.

डोळे उघडले तेव्हा तिने आधी माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे दाराकडे बघितलं.

"दार लाव," ती म्हणाली. "हवा जातेय आत."

काका हसले आणि हसता हसता रडायला लागले. मी पाय पोटाशी घेऊन तिथेच फरशीवर बसले.

हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच होतो. भाची खाली चहा आणायला गेली होती. ताईचा आवाज बसला होता, पण डोकं ठिकाणावर होतं. डॉक्टरांनी तिला अवघड बेरजा घातल्या होत्या आणि तिने त्यांचीच एक चूक काढून दाखवली होती.

"गळत होती का टाकी?" मी विचारलं.

"नव्हती. अगदी घट्ट होती. मी पाना लावला आणि मग सुटली." ती छताकडे बघत होती. "लोकांसमोर हसले मी त्या शंकेवर, पण झोप लागत नव्हती. वाटलं, आपलं आपण बघून यावं. दहा मिनिटांचं काम. तेवढी ऊब तुझा झाडू उचलेल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही."

"उचललीच त्याने."

"मग तुला कसं कळलं?"

मी खड्ड्याचं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्येच बोटाने चादरीवर त्याचा आकार काढून बघितला. तिला तो आवडला असावा. मग मी जे सांगायचं टाळत होते ते तिनेच विचारलं.

"मोहीम गेली?"

"गेली. खोली परत ठिकाणावर येईपर्यंत ग्रह लांब निघून गेलेला असेल."

"हं." बाहेर कोणीतरी ढकलगाडी ढकलत नेत होतं. "तू दार उघडलंस तेव्हा मी आत आहे याची खात्री होती तुला?"

"नाही."

"पुरावे?"

"एक. तोही खराब सेन्सरचा."

"एकावर उघडलंस."

"हो."

ताईने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. तिची नजर हिशेब करत होती. तिचं उत्तर येण्याच्या आधीच ते मला दिसलं, आणि ते तिने बोलू नये असं मला फार वाटलं. पण ताई कधी खोटं बोलत नाही, ते तिला जमतच नाही.

"तू आत असतीस," ती म्हणाली, "आणि मी बाहेर असते, तर मी दुसऱ्या पुराव्यासाठी थांबले असते."

आदल्या दिवशीची सगळी भीती एकत्र केली तरी त्याहून मोठी भीती मला त्या क्षणी वाटली. माझी सख्खी बहीण, उन्हात, पांढऱ्या चादरीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी आत चौथऱ्यावर पडलेली, आणि ती बाहेर चष्मा पुसत, रेषेचा पुढचा ठिपका यायची वाट बघत उभी. हे सगळं मला समोर दिसलं.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. ते पुसायला तिला हात उचलवेना, म्हणून मी ते पुसले. मग भाची चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय गं, दोघी अशा गप्प का बसलात?"